पावसाळ्यात मालवण-तारकर्ली: ऑफ सीझनला पहिल्यांदा जाताना

मे महिन्यात तारकर्लीला खोली मिळता मिळत नाही. जुलैत तीच खोली रिकामी असते आणि दरही बराच उतरलेला असतो. हे पाहून लोक बुकिंग करतात, स्कूबा, किल्ला आणि सुरमईची थाळी डोळ्यांसमोर ठेवून निघतात आणि पोचल्यावर हिरमुसतात. बोटी बंद, स्कूबा बंद, किल्ल्यात जायची सोय नाही, ताटात सुकट. पावसाळ्यातली मालवणची सहल ही मे महिन्याची स्वस्त आवृत्ती नव्हे. ही वेगळी सहल आहे आणि तिची आखणीही वेगळी करावी लागते. समुद्र बघायचा तो काठावरून, फिरायचं ते आतल्या बाजूला, रानात, घाटात आणि तळ्याकाठी. एवढं मनाशी ठरवून गेलात तर सिंधुदुर्ग याच दिवसांत सर्वांत देखणा दिसतो.

१. आधी महिना ठरवा, मग सुट्टी टाका

"पावसाळा" असं सरसकट म्हणून चालत नाही. चारही महिन्यांचा स्वभाव वेगळा.

जूनचा पहिला पंधरवडा बेभरवशाचा असतो. मोसमी पाऊस साधारण ७ जूनच्या आसपास कोकणात उतरतो, पण कधी आधी येतो, कधी आठवडाभर ताटकळत ठेवतो. या दिवसांत उकाडाही असतो आणि विजाही. जूनचा शेवट आणि जुलै म्हणजे धो धो पाऊस. धबधबे भरात, भातलावणी चालू, पण सलग चार-पाच दिवस सूर्य न दिसण्याची तयारी हवी. पावसात भिजण्याचीच हौस असेल तर हाच काळ धरा.

पहिल्यांदाच जात असाल, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर ऑगस्टचा उत्तरार्ध निवडा. श्रावणात सर येते, जाते, मध्येच ऊन पडतं आणि दिवसात चार-पाच तास तरी नीट फिरता येतं. भातशेती गुडघाभर वाढलेली असते, धबधबेही आटलेले नसतात. माझ्या मते वर्षातला हा सर्वांत चांगला काळ आहे, आणि लोक नेमका हाच सोडून देतात.

गणेश चतुर्थीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि नंतरचा आठवडा मात्र पूर्ण टाळा. मुंबईतला चाकरमानी तेव्हा गावी येतो. गाड्या महिनोन्‌महिने आधी भरलेल्या असतात, महामार्ग तुंबतो आणि घरगुती निवास चालवणारे बहुतेक जण घरच्या गणपतीत गुंतलेले असल्याने पाहुणे घेत नाहीत. तिथी दरवर्षी बदलते. कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. म्हणून बुकिंगआधी दिनदर्शिका उघडा. गणपती विसर्जनानंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ शांत असतो. बोटीही हळूहळू सुरू होतात, फक्त दुपारनंतर विजांचा पाऊस गाठतो.

आणखी एक गोष्ट. ऑफ सीझन असतो तो सोमवार ते गुरुवार. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यावर मे महिन्यालाही लाजवेल अशी गर्दी होते. आठवड्यातले मधले दिवस मिळत नसतील तर निदान आंबोली तरी सोमवारवर ढकला.

२. काय बंद, काय चालू

साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची प्रवासी आणि पर्यटक जलवाहतूक बंद असते. याचा अर्थ मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यात नेणारी होडी नाही, स्कूबा नाही, स्नॉर्कलिंग नाही, पॅरासेलिंग नाही, देवबागची डॉल्फिन सफर नाही. १ सप्टेंबर उजाडला म्हणून सगळं त्याच दिवशी सुरू होतं असंही नाही. समुद्र निवळावा लागतो आणि स्कूबासाठी तर पाण्यातला गढूळपणाही जावा लागतो. त्यासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर बरा.

बंदीच्या काळात कोणी "थोडं पुढे नेऊन आणतो" म्हणाला तर होडीत पाय ठेवू नका. ती बेकायदा फेरी असते आणि काही झालं तर विमाही हात वर करतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. त्यामुळे या दोन महिन्यांत हॉटेलात मिळणारी सुरमई-पापलेट बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. ताज्या माशाचा दर देऊन ती खाण्यात अर्थ नाही.

चालू काय असतं? विजयदुर्ग, कारण तिथे रस्त्याने जाता येतं. कुणकेश्वरचं मंदिर, धामापूरचा तलाव, सावंतवाडीचा राजवाडा आणि लाकडी खेळण्यांची दुकानं, कुडाळजवळचं पिंगुळी, वेंगुर्ला, रेडीचा गणपती आणि अख्खी आंबोली.

३. पोचायचं कसं

*रेल्वे.* मालवणला स्टेशन नाही. सगळ्यात सोयीचं कुडाळ, तिथून मालवण पाऊण-एक तासावर. कणकवली आणि सिंधुदुर्गनगरी हे दुसरे पर्याय. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. जोरदार पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या वर वेग न्यायचा नाही, असा चालकांना आदेश असतो. गाडी उशिरा पोचते ती यामुळे. चिडू नका, दरडीच्या प्रदेशात ते योग्यच आहे.

नवख्यांची फसगत होते ती परतीच्या गाडीत. पावसाळी वेळापत्रकात मुंबईकडे येणाऱ्या काही गाड्या तुमच्या स्टेशनवर नेहमीपेक्षा बऱ्याच आधी येतात. जुन्या आठवणीवर किंवा कोणी सांगितलेल्या वेळेवर विसंबलात तर गाडी निघून गेलेली असते. आदल्या रात्री १३९ वर किंवा रेल्वेच्या ॲपवर वेळ तपासाच.

दुसरा सापळा तुतारी एक्स्प्रेसचा. ती दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री घरातून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल.

पहिल्यांदा जाणाऱ्याने रात्री मुंबईहून सुटणारी कोकणकन्या धरावी. सकाळी कुडाळला उतरता येतं आणि पुढचा रस्ता उजेडात कापता येतो. दिवसाची मांडवी खिडकीतून कोकण दाखवते खरी, पण ती उशिरा पोचली की अंधारात, पावसात, अनोळखी रस्त्यावर रिक्षा शोधत बसावं लागतं. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. गणपती सोडले तर मधल्या वारी जागा सहसा मिळते.

*एसटी.* कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने बसस्थानक गाठा, तिथून मालवणची एसटी. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ ठेवा. आतल्या गावांच्या फेऱ्या संध्याकाळनंतर विरळ होतात, म्हणून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे जातानाच वाहकाला विचारून ठेवा.

*स्वतःची गाडी.* मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६. पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांसमोर फोंडा, करूळ आणि आंबोली हे तीन मुख्य घाट. पावसाळ्यात यांतला एखादा दरडीमुळे तासाभरात बंद होऊ शकतो. नकाशा दाखवणारं ॲप अशा वेळी बंद रस्ताही खुशाल सुचवतं. निघण्याआधी मुक्कामाच्या यजमानांना फोन करून "आज कोणत्या घाटाने गाड्या येताहेत?" एवढंच विचारा. त्यांच्याइतकी ताजी माहिती कुठेच मिळत नाही.

घाट दिवसा उतरा. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा. हाय बीम टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. मोरीवरून पाणी वाहत असेल तर खोली अंदाजाने ठरवू नका, थांबा. रात्री गुरांची धास्ती घ्या. ओल्या मातीपेक्षा डांबर कोरडं आणि उबदार, म्हणून गुरं रस्त्याच्या मधोमध बसतात आणि काळी म्हैस अगदी बंपरपाशी आल्याशिवाय दिसत नाही.

४. मुक्काम: दरापेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे

दर कमी करून मागायला संकोच नको, या दिवसांत तो कमी होतोच. पण पैसे भरण्याआधी फोनवर पुढचं विचारा:

- सध्या स्वयंपाकघर चालू आहे का, की जेवायला बाहेर जावं लागेल? ऑफ सीझनला आचारी गावी गेलेला असतो, आणि जवळची हॉटेलंही बंद असू शकतात.
- वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती तास चालतो? पंखाही चालतो की फक्त दिवा? पाण्याचा पंप?
- खोली वरच्या मजल्यावर आहे का? खालच्या खोल्यांत ओल येते, गाद्यांना कुबट वास लागतो.
- कपडे वाळवायला पत्र्याची पडवी किंवा छप्पर आहे का?
- गाडी दारापर्यंत येते का, की शेवटचा टप्पा कच्चा आहे? लाल मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.
- रेड अलर्ट लागला किंवा रेल्वे रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत, की पुढची तारीख?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी "बघू या" म्हणजे नंतरचा वाद.

जागेबद्दल एक मत ठामपणे सांगावंसं वाटतं. जून-जुलैत देवबागच्या टोकाला राहू नका. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. उधाणाच्या भरतीला समुद्र तिथे घरांच्या आवारापर्यंत धडकतो आणि बाहेर पडायला रस्ता एकच. मालवण गावात किंवा तारकर्लीच्या आतल्या बाजूला राहा. दवाखाना, औषधं आणि एटीएम मालवणात आहे, पावसात हे अंतर मोजलं जातं.

५. समुद्र: हा भाग नीट वाचा

मे महिन्यात तारकर्लीचा किनारा सपाट आणि लांबवर उथळ असतो. पावसाळ्यातल्या लाटा ती वाळू ओढून समुद्रात नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तिचे बांध तयार होतात. किनारा उतरता होतो. घोट्याएवढ्या पाण्यातून दोन पावलं पुढे गेलं की एकदम कंबरभर पाणी. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते आणि उभा माणूस आडवा होतो. पुढची लाट त्याला उठू देत नाही. यात पोहता येण्या न येण्याचा फारसा संबंध नाही.

वाळूच्या बांधात जिथे खिंड पडते, तिथून किनाऱ्यावर साचलेलं पाणी जोरात आत परत जातं. ही ओढ वरून ओळखता येते. दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा गढूळ, मातकट, पण लाटा न फुटणारा दिसतो. नवख्याला हीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. सर्वांत धोक्याची जागा तीच.

नियम साधा ठेवा. पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. लाट जिथवर पोचून वाळू ओली करते, त्या रेषेच्या वर किमान दहा पावलं थांबायचं. लहान मुलांचा हात सोडायचा नाही. खडकांवर आणि जेट्टीच्या टोकावर फोटोला उभं राहायचं नाही, कारण शेवाळ असतं आणि मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती मोठी असते, तेव्हा आणखी मागे. जीवरक्षक किंवा गावकरी ओरडले तर वाद न घालता मागे फिरायचं.

कोणी ओढीत सापडलंच तर त्याच्यामागे उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, नारळाची झावळी, जे हाताशी येईल आणि तरंगेल ते फेका आणि ११२ ला फोन करा. सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. अंग सैल सोडून तरंगावं आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकावं.

एवढं सांभाळून समुद्र जरूर बघा. मालवण जेट्टीजवळून, भरतीच्या वेळी, समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग लाटा अंगावर घेत उभा दिसतो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याची पायाभरणी केली. तटाची नागमोडी वळणं कशासाठी आहेत, ते उधाणात लाटा तिथे कशा फुटतात हे पाहिलं की न सांगता समजतं.

६. आतल्या बाजूचे दोन दिवस

धामापूरला एक सकाळ द्या. डोंगराच्या कुशीतला हा तलाव सोळाव्या शतकातला, काठावर भगवतीचं देऊळ. पावसाळ्यात तुडुंब भरतो. पायऱ्या निसरड्या असतात, पाण्यात उतरू नका. जोराचा पाऊस असलेल्या दिवशी पिंगुळी धरा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथे छताखाली बसून पाहता येते. २०२१ साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे याच गावचे. आधी फोन करून जा. सावंतवाडी हाही भरपावसातला चांगला पर्याय.

आंबोलीसाठी पूर्ण दिवस ठेवा, जमलं तर एक रात्र. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे ठिकाण, त्यामुळे इथे छत्री निरुपयोगी. वारा ती उलटी करतो. मुख्य धबधबा घाटरस्त्यालाच आहे, सकाळी आठच्या आत गाठा. नऊनंतर गाड्यांची रांग लागते. नांगरतास, हिरण्यकेशी आणि कावळेसाद हे बाकीचे थांबे. कावळेसादला खालून वारा पाणी वर उडवतो. तिथलं कठडं ओलांडून दरीत डोकावू नका, कडेचा दगड ओला असतो आणि धुक्यात कड नेमकी कुठे संपते ते दिसत नाही.

आंबोलीची खरी श्रीमंती रात्री दिसते. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा हिरवागार झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी करतो. बांबू पिट व्हायपर आणि मलबार पिट व्हायपरसारखे विषारी सापही इथे आहेत. त्यामुळे रात्रीची फेरी स्थानिक जाणकार वाटाड्यासोबतच करा. प्राण्याला हात लावणारा, फोटोसाठी फांदी हलवणारा वाटाड्या मिळाला तर दुसऱ्या दिवशी बदला.

७. खायचं काय

जून-जुलैत मालवणी घरांत जे शिजतं तेच मागा: सुक्या बांगड्याची किसमूर, सुकटीची चटणी, खाडीतल्या कुर्ल्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, घावणे. पहिल्या पावसानंतर टाकळा, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या येतात. फणसाच्या आठळ्या घातलेली भाजी याच दिवसांतली. हे मेनूकार्डावर नसतं, आदल्या दिवशी सांगावं लागतं. रानातली अळंबी मात्र ओळखणाऱ्या माणसाने आणलेलीच खा. स्वतः तोडून आणू नका. श्रावणात काही घरांत मासे-मटण शिजत नाही, हेही बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

८. सोबत काय हवं

कागदपत्रं: प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं मूळ ओळखपत्र, त्याच्या दोन छायाप्रती, वाहन परवाना, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमध्येही ठेवा, पण रेंज जाते म्हणून कागदावरही हवंच. पुरेशी रोख रक्कम, त्यात सुट्टे पैसे. वीज गेली की यूपीआयही जातं.

अंगावर: गुडघ्याखाली येणारा रेनकोट किंवा जॅकेट-पँट, पटकन वाळणारे कपडे, नक्षीदार तळ असलेली रबरी पादत्राणं. जाड स्पोर्ट्स शूज एकदा भिजले की सहल संपेपर्यंत वाळत नाहीत. जीन्सचंही तेच.

पिशवीत: टॉर्च, पॉवर बँक, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, ओआरएस, जंतुनाशक मलम, डास पळवणारं मलम, मीठ. मीठ जळवांसाठी. जळू ओढून काढू नका, मीठ टाकलं की सुटते.

फोनवर: वाऱ्या-पावसाच्या सूचनांसाठी "सचेत" आणि विजांसाठी "दामिनी" ही दोन सरकारी ॲप. हवामान खात्याचा यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे घाट आणि धबधबे टाळा, रेड म्हणजे मुक्काम सोडू नका. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे "अत्यंत मुसळधार". रेडचा इशारा साधारण अशा पावसासाठी असतो. जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८.

९. आखणीत एक दिवस मोकळा सोडा

तीन दिवसांची सहल असेल तर चार दिवसांची रजा घ्या. एक दिवस पाऊस खाणार हे धरून चाला. आंबोली पहिल्या दिवशी ठेवू नका आणि शेवटच्याही नाही. ती मधल्या दिवशी असली की पुढे-मागे सरकवता येते. परतीच्या दुसऱ्या सकाळी महत्त्वाची बैठक, परीक्षा किंवा विमान ठेवू नका.

१०. परतल्यावर

सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून, पायाच्या जखमेवाटे हा आजार शिरतो. पायाला जखम असेल तर शेतातल्या, गटाराच्या पाण्यात उतरू नका. घरी आल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल होणं यांतलं काही जाणवलं तर घरगुती गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि कोकणात पावसात फिरून आलोय हे त्यांनी विचारण्याआधीच सांगा. लवकर कळलं तर साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो.